तहान अक्काची, घोट शिरीनचा

मिरजेच्या त्या बालरुग्णालयात तहान नर्सला लागायची आणि पाणी पेशंटनं प्यायचं. नव्यानं आलेल्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसायचा, मग आपण नक्की कुठल्या वॉर्डात शिरलोय हे बघायला मागं जाऊन दारावरची पाटी वाचायचा. पाटी बरोबर असायची. परत आत येईपर्यंत त्याला सगळा प्रकार डोळ्यांनी बघायला मिळायचा.

पद्मावती मगदूम, म्हणजे सगळ्या वॉर्डाची पद्माक्का, टेबलाशी बसून पोहे खात असायची. मधेच तिचा चमचा थांबायचा. जिभेनं टाळू चाचपल्यासारखं करून ती उठायची, काचेचा ग्लास खुणेपर्यंत भरायची आणि खिडकीशी चित्र रंगवत बसलेल्या सात वर्षांच्या शिरीनच्या हातात द्यायची. शिरीन रंगाच्या बोटांनी ग्लास धरून गटागटा पाणी प्यायची. तिच्या प्रत्येक घोटासरशी इकडं अक्काचा घसा ओला व्हायचा. ग्लास रिकामा झाला की अक्का ढेकर द्यायची आणि पोह्यांकडं वळायची. पाण्याचा एक थेंब तिच्या पोटात गेलेला नसायचा. ढेकर मात्र खरी असायची. निदान वॉर्डातले लोक तरी तशी शपथ घ्यायचे.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबत असते. शरीरात पाणी राखायचं की सोडायचं, हा हुकूम मूत्रपिंडांना तिच्यामार्फत जातो. हुकूम नेणारा पदार्थ म्हणजे एक संप्रेरक. तो पाझरेनासा झाला की मूत्रपिंडं नळ उघडा टाकून बसतात आणि लेकराच्या अंगातलं पाणी दिवसभर वाहून जातं. उलटही होतं. शिरीनच्या समोरच्या खाटेवरच्या मुलात हेच संप्रेरक नको इतकं पाझरायचं, त्याच्या अंगातून पाणी बाहेर पडायलाच तयार नसायचं, म्हणून त्याला मोजून पाणी मिळायचं आणि तो बर्फाचा खडा चघळत शिरीनच्या ग्लासाकडं डोळे वटारून बघायचा. अशा मुलांची शुश्रूषा म्हणजे काट्यावरची कसरत. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करायचं, प्यायलेलं मापायचं, लघवी मापायची, जीभ बघायची, झोपाळू दिसतंय का, चिडचिडं झालंय का ते बघायचं. पाणी कमी पडलं तर रक्त खारट होऊन मेंदू सुकतो. जास्त झालं तर रक्त पातळ होऊन मेंदू फुगतो.

संप्रेरक गेलेल्या मुलांनाही एक आधार असतो, तो म्हणजे तहान. मूल मागतं, आपण देतो, बरंचसं भागून जातं. शिरीनचं दुर्दैव असं की त्या ग्रंथीजवळची गाठ काढताना ग्रंथीही गेली आणि तिच्या वरचा, तहानेची जाणीव करून देणारा मेंदूचा कणही गेला. संप्रेरकाचा फवारा नाकात मारता येत होता. तहानेचा फवारा कुठून आणायचा?

हा प्रश्न डॉक्टर यशोधन हळबे यांनी पंधरा वर्षं डोक्यात घोळवला. एके दिवशी त्यांना उत्तर सुचलं आणि ते त्यांनी शिरीनच्या आईबापांसमोर मांडलं. बाप दस्तगीर शिकलगार सतारी बनवायचा. आई हलीमा त्याच कारखान्यात भोपळ्यांना पॉलिश करायची.

"यंत्र का नाही बसवत, साहेब?" दस्तगीरनं विचारलं. "रक्त खारट झालं की आपोआप पाणी सोडेल असं."

"बसवलं होतं. दोन मुलांना बसवलं आणि दोघांनाही झटके आले," हळबे म्हणाले. "असं बघा. उन्हातून आल्यावर तुम्ही तांब्याभर पाणी पिता. तहान कधी जाते?"

"पिता पिताच जाते की."

"आणि ते पाणी रक्तात पोचायला किती वेळ लागतो? चांगला पाव तास. म्हणजे रक्त अजून खारटच असतं, तरी तहान गेलेली असते. कारण तहान नुसतं रक्त बघत नाही. ती घोट मोजते, पुढं काय होणार ते आधी ओळखते आणि वेळेवर थांबवते. यंत्राला फक्त झालेलं कळतं. ते पाणी सोडत बसतं आणि त्याला कळेपर्यंत जास्त झालेलं असतं. तहानेइतकं हुशार यंत्र मला बनवता येत नाही. तेव्हा तहान उसनी घ्यायची."

"कुणाची?"

"ज्याची शाबूत आहे त्याची. शिरीनच्या मानेच्या शिरेत मोहरीएवढा मणी बसेल. तिचं रक्त, तिचे घोट, सगळं तो एका धडधाकट माणसाच्या मेंदूत कळवेल. तिथली तहान शिरीनसाठी काम करेल. एक अट आहे. डोक्यात तहानेची जागा एकच असते. शिरीनची तहान तिथं बसली की त्या माणसाची स्वतःची तहान बंद. त्यानं घंटा वाजली की ठरलेलं पाणी प्यायचं."

दस्तगीरनं हवेत तार छेडल्यासारखं बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे तरफेची तार."

"काय?"

"सतारीत वरच्या तारा आपण छेडतो, साहेब. खाली बारीक तारा असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. वरची वाजली की खालची आपोआप बोलते. तिला तरफ म्हणतात. पण सूर तंतोतंत लागलेला पाहिजे, नाहीतर ढिम्म."

हळब्यांनी आपल्या शोधाला परतृषासंवेदनयोजना असं नाव दिलं होतं. ते स्वतःलाही एका दमात म्हणता येत नव्हतं. त्या दिवसापासून सगळे तरफच म्हणू लागले.

आता तहान वाहायला माणूस निवडायचा होता. मुलांच्या आया सगळ्यात आधी पुढं आल्या आणि सगळ्यात आधी बाद झाल्या. हलीमानं चाचणीत शिरीनला पाच ग्लास पाजले. त्यांतल्या चारांच्या वेळी हलीमाला तहान लागलेलीच नव्हती. "पोरीचं तोंड सुकल्यासारखं दिसलं," एवढंच तिचं म्हणणं. दस्तगीर तार लावायला बसला की खाणंपिणं विसरायचा, तो अर्जालाही पात्र ठरला नाही. मग हळब्यांनी नर्सेसची परीक्षा घेतली. खारे शेंगदाणे खायला घालून सगळ्यांना एका उकडत्या खोलीत बसवलं. पाणी मागेल ती बाहेर. एक जण तर शेंगदाणे बघूनच बाहेर पडली. संध्याकाळी खोली उघडली तेव्हा आत पद्माक्का एकटीच स्वेटर विणत बसली होती.

"सिस्टर, तहान लागली नाही?"

"लागली की. लागू दे. ती येते, बसते, कंटाळते आणि जाते."

हळबे खूश झाले. अक्काला लहानपणापासून सवय होती. भाद्रपदात दहा दिवसांचं पर्व आलं की तिच्या जैन घरात व्रतं चालायची आणि अनंत चतुर्दशीला ती निर्जळ उपवास धरायची, अगदी थुंकीसुद्धा जपून गिळायची. तहान सोसणारं असं माणूस शोधून सापडणार नाही, असं हळब्यांना वाटलं. शहाणा माणूस चूक करतो तीसुद्धा मोजूनमापून, परीक्षा घेऊन करतो.

सूर जुळायला चार महिने लागले. मग तरफ अशी लागली की विचारू नका. शिरीननं चोरून लोणच्याची फोड खाल्ली की न्हाणीघरात कपडे पिळणाऱ्या अक्काचं तोंड खवळायचं. "कुणी गं लोणचं हाणलं?" ती तिथूनच ओरडायची. शिरीनचं रक्त असं झालं की तबकात ठेवून मिरवावं. वॉर्डातल्या काचेच्या पडद्यावर तिच्या खारटपणाचा आकडा दिवसभर दिसायचा, पण अक्का असताना त्या आकड्याकडं बघणं म्हणजे अक्काचा अपमान, असं सगळ्यांना वाटायला लागलं. पडद्यावर कुणीतरी एप्रन वाळत घातला. तो तिथंच राहिला.

त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीला अक्कानं हळब्यांकडं उपवासाची परवानगी मागितली.

"घ्या की. तुमची तब्येत ठणठणीत आहे," ते म्हणाले. "आणि या वर्षी तर मजा आहे. तुमची तहानच बंद आहे. काही कळणारसुद्धा नाही."

"तेच तर दुखणं आहे, डॉक्टर. तहानच लागणार नसेल तर पाणी सोडलं काय आणि धरलं काय? दाराला कुलूप लावून चोराला माफ केलं म्हणण्यातली गत."

"मग नका करू."

"करते. पोरीसाठी करायचं म्हटलंय. कसा का होईना, उपवास तो उपवास."

चतुर्दशीच्या सकाळपासून मिरजेत विसर्जनाच्या मिरवणुका सुरू झाल्या. रस्त्यावर ढोल, वर कमानी, आणि अर्ध्या कर्मचाऱ्यांना सुट्टी. शिरीनला आदल्या दिवसापासून सर्दी झाली होती. चोंदलेल्या नाकात मारलेला फवारा तिथंच राहिला, रक्तात उतरलाच नाही. मूत्रपिंडांनी नळ सोडून दिला. शिरीन सारखी बाथरूमला पळत होती, पण एकही गणपती चुकायला नको म्हणून मापाच्या भांड्याकडं न जाता तशीच जाऊन पळत परत येत होती. खिडकीशी गर्दी होती. कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपार कलायला लागली तेव्हा अक्का भिंतीला पाठ टेकून णमोकार मंत्र म्हणत बसली होती. तिचा घसा सुकायला लागला.

तिनं डोळे उघडले. जीभ टाळूला चिकटली. ओठांच्या कडा ओढल्या गेल्या. ती ओळखीची, लहानपणापासूनची, चतुर्दशीच्या दुपारची तहान. वर्ष झालं, ही तहान तिला भेटली नव्हती. अक्काचे डोळे भरून आले. ही तहान आपली असूच शकत नाही, हे तिला पाठ होतं. हळब्यांनी चार महिने तेच शिकवलं होतं. पण चाळीस वर्षं त्या दिवशी घसा सुकला की मन सुखावायचं, आणि मनानं ती चाळीस वर्षं बाहेर काढली. भगवंतानं माझा उपवास मला परत दिला, असं तिला वाटलं. तिनं हात जोडले, आभार मानले आणि ती तहान सोसायला बसली. जसजशी तहान वाढली तसतशी तिची कृतज्ञता वाढली.

दिवे लागायच्या सुमाराला दस्तगीर आणि हलीमा गर्दीतून वाट काढत आले. शिरीन खाटेवर पडली होती. बापानं पेढा पुढं केला तर तिनं तो फेकला आणि रडायला लागली.

"झोपेला आली असेल," दस्तगीर म्हणाला.

हलीमानं पोरीचं तोंड उजेडाकडं वळवलं. "हिच्या डोळ्यांत पाणी कुठंय?" ती म्हणाली. मग ओरडली, "अहो, ही रडतीय आणि डोळे कोरडे आहेत! अक्का! अक्का, बघा की!"

अक्का कोपऱ्यातून उठली. शिरीनकडं एकदा बघितलं आणि तिला कळलं. पडद्यावरचा एप्रन तिनं ओढून काढला. आकडा बघून तिनं हळब्यांना बोलवायला एका सिस्टरला पळवलं. तिच्या घशात जे निखारे फुलले होते ते कुणाचे, ते आता सांगायला कुणी नको होतं.

हळबे पळत आले. सलाइन लावलं, पण थेंबाथेंबानं.

"एवढंसंच का?" दस्तगीर किंचाळला. "पोरगी सुकली आणि तुम्ही थेंब मोजताय?"

"सुकलेल्या मेंदूला एकदम पाणी दिलं तर तो ओढून घेतो आणि फुगतो. कवटीत फुगायला जागा नसते. खारटपणा चढला झपाट्यानं, पण उतरवायला हळूहळूच लागेल. दोन दिवस तरी." मग ते अक्काकडं वळले. "सिस्टर, तोवर तुमची तरफ बंद करतो. ही तहान तुम्हाला वेड लावेल."

"नको." अक्काला धड बोलता येत नव्हतं. "तहान झपझप उतरली तर पाणी जोरात चाललंय, चढली तर कमी पडतंय. पडद्यावरचा आकडा हलायच्या आधी मला कळेल. राहू दे."

हलीमा तिच्यासमोर उभी राहिली. "अक्का, तुम्हाला तहान लागली होती ना?"

"लागली होती."

"मग गप का बसलात?"

"मला वाटलं, माझी आहे," अक्का म्हणाली. "लई दिवसांनी आली म्हणून... बरं वाटलं मला, हलीमा."

हलीमानं तोंड फिरवलं. रात्रभर ती अक्काकडं पाठ करून शिरीनच्या खाटेशी बसली. दुसऱ्या दिवशी अक्का खुर्चीला बांधल्यासारखी बसली होती. स्वतःसाठीचं पाणी ती घंटेबरहुकूम प्यायची, पण ते पाणी घशातून दगडासारखं उतरायचं, तहानेला शिवायचंसुद्धा नाही. मधूनच ती हात वर करायची, "जोरात चाललंय", आणि सिस्टर सलाइन कमी करायची. दुपारी हलीमा उठली. कापसाचा बोळा भिजवून तिनं तो शिरीनच्या ओठांवरून फिरवला. खुर्चीत अक्काचे खांदे सैल झाले.

"बरं वाटलं?" हलीमानं विचारलं.

अक्कानं नुसती मान हलवली.

हलीमानं बोळा पुन्हा भिजवला. शिरीन गुंगीत होती, तिला त्याची गरज नव्हती. त्या दुपारपासून हलीमा पोरीचे ओठ ओले करत होती ते अक्कासाठी. माणसं आभार कसे मानतात आणि माफ कसं करतात, याचं काही ठरलेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी शिरीन उठून बसली आणि पेढा मागितला. हळब्यांनी त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. एक, तहान वाहायला पुढं त्यांनी जी माणसं निवडली ती घोटभर पाणी उशिरा मिळालं तर घर डोक्यावर घेणारी होती. शेंगदाणे बघून बाहेर पडलेल्या सिस्टरला पहिली बढती मिळाली. दुसरी गोष्ट अक्कानं स्वतः ठरवली. मुक्यानं ग्लास भरून द्यायचा नाही. तहान लागली की लागल्याक्षणी मोठ्यानं म्हणायचं. म्हणजे ती कुणाची याचा विचार करायला मनाला सवडच राहणार नाही. आणि ऐकताक्षणी मुलानं हातातलं सगळं टाकून प्यायचं.

"शिरीन, तहान लागली गं!"

वॉर्डात ही हाक दिवसातून कितीतरी वेळा घुमायची. शिरीन चित्र टाकून, भाकरी टाकून, एकदा तर झाडावरून उडी टाकून पाण्याकडं धावायची. तिला त्यात भारी अभिमान वाटायचा. पाणी आपल्यासाठी असतं हे तिला शिकवलं होतं, पण पटलं नव्हतं. तिला कधी काही कमी पडल्यासारखं वाटायचंच नाही. तिला दिसायचं ते एवढंच की अक्का कासावीस होते, आपण पितो आणि अक्काचा चेहरा खुलतो. आपल्यावर एवढी माया करणाऱ्या बाईचे पांग फेडायला याहून सोपं काय असणार? हाक आल्यावर शिरीनचा हात तिच्या आधी निघायचा, असं वॉर्डात म्हणायचे. एकदा तिला भर झोपेत हाक मारली तर तिनं उशाचा ग्लास उचलून रिकामा केला आणि कूस बदलली.

अपघात पुन्हा झाला नाही. इतर गावांतून लोक बघायला आले. चार-पाच राज्यांत तरफेच्या शाखा निघाल्या. नियम सगळीकडं तोच होता, मोठ्यानं म्हणायचं आणि लगेच प्यायचं. दस्तगीरनं आयुष्यात बनवलेली सगळ्यात चांगली सतार वॉर्डाला भेट दिली. ती अक्काला वाजवता यायची नाही, म्हणून ती रोज पुसायची.

शिरीन सोळा वर्षांची झाली तेव्हा विज्ञान आणखी पुढं गेलं होतं. तिच्याच कातडीच्या पेशींपासून वाढवलेला मेंदूचा गेलेला कण आणि ग्रंथी, दोन्ही तिच्या डोक्यात परत बसवता आली. फवारा सुटला. तरफ उतरली. अक्काच्या डोक्यातली जागा रिकामी झाली आणि काही दिवसांनी तिथं तिची स्वतःची तहान लाजत लाजत परत आली. पहिला पेला ती रडत रडत प्यायली.

शिरीनची तहान दुपारच्या वेळी आली. ती घाबरली.

"डॉक्टरकाका, घशात काहीतरी झालंय. वाळू गेल्यासारखं. जीभ जड झालीय."

हळब्यांनी आनंदानं टाळी वाजवली. "अगं, हीच तहान! तुझी तहान, शिरीन! तुझी स्वतःची!"

शिरीननं घशाला हात लावला. तिच्या चेहऱ्यावर नवल उमटलं. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, त्याच्याकडं तिनं बघितलं. मग अक्काकडं बघितलं, अब्बाकडं बघितलं.

"मग आता पिणार कोण?" तिनं विचारलं.

दस्तगीर हसला. हळबेही हसले. अक्का हसली नाही.

"अगं, तूच," हळबे म्हणाले.

"पण तहान तर मला लागलीय ना?"

हळब्यांनी समजावून सांगितलं आणि ते तिला समजलं. ती बुद्धीनं तल्लख होती. सांगितल्यावर ती प्यायली, पण सांगितलं नाही की नुसती बसून राहायची. घशात वाळू, समोर पाणी, आणि चेहरा असा की कुणीतरी आता येईल आणि पिऊन टाकेल. हळब्यांनी महिनाभर नाना प्रयोग केले आणि शेवटी खुर्चीत टेकून बसले.

"लहानपणी मेंदूत वाटा पडतात," ते दस्तगीरला म्हणाले. "तहान वाटली की हात पाण्याकडं जातो, ही वाट आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात अंगावर पीत असतानाच पडते. हिच्या डोक्यातली ती वाट गाठीबरोबर गेली आणि तिच्या जागी आम्ही दुसरी पाडली. तहान ऐकू आली की हात पाण्याकडं जातो. नवा कण बसवला, पण त्याला जाऊन मिळायला जुनी वाटच उरली नाही."

"मग?"

"मग काय. कुणीतरी ऐकवत राहायचं."

त्यात काही अवघड नव्हतं. अक्का तिथंच होती. तिनं शिरीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "शिरीन, तहान लागली गं." शिरीनचा हात ग्लासाकडं गेला. ती पूर्ण ग्लास प्यायली आणि हसली.

मिरजेनं ही गोष्ट खुशीनं अंगवळणी पाडून घेतली. सतारमेकर गल्लीत शिरीन तारा बांधायला बसायची. येणारा-जाणारा दुकानात डोकावून म्हणायचा, "शिरीन, तहान लागली गं!" ती तांब्या उचलून चार घोट घ्यायची आणि म्हणायची, "शुक्रिया, काका." नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं हिला कमी ऐकू येतं, नाहीतर कमी अदब आहे. लग्न कुरुंदवाडच्या अश्फाकशी झालं. तो गुणी माणूस, शिक्षक. मौलवींनी 'कबूल है?' विचारायच्या आधी दस्तगीरनं त्याला बाजूला घेऊन हा एक मंत्र शिकवला होता. तो दिवसातून आठ-दहा वेळा न चुकता बायकोला तहान लागल्याचं सांगायचा. मग शिरीनला मुलगी झाली, नाजू.

नाजूचे दुधाचे दिवस सरले, ती बोलायला लागली, तेव्हा शिरीन तिला घेऊन अक्काकडं आली. अक्का आता नांदणीला भावाच्या घरी राहायची. वय झालं होतं, पण नजर खणखणीत होती. कडक ऊन होतं. शिरीननं अक्काच्या पाया पडून तिच्या मांडीवर लेक ठेवली.

"ही तुमच्यामुळं आहे, अक्का. तुमची तहान प्यायले म्हणून मी जगले. रोज नमाजेत तुमचं नाव घेते."

"घे बाई, घे. मला बरंच पुरेल," अक्का म्हणाली आणि नाजूचा गाल ओढला. "बापासारखी दिसते की! आणि हे काय, ओठ किती फुटलेत पोरीचे."

"उन्हाचं," शिरीन म्हणाली. "अशी गुणी आहे, अक्का. हट्ट नाही, रडणं नाही. अश्फाक शाळेत गेला की दिवसभर माझ्याजवळ गपगार बसते."

अक्काच्या भावजयीनं पाण्याचा ग्लास आणून मधे ठेवला आणि ती सरबत करायला आत गेली. नाजू ग्लासाकडं बघत होती. तिनं आईच्या पदराला धरून ओढलं.

"अम्मी, तहान लागली गं."

शिरीनचा हात तिच्या आधी निघाला. तिनं ग्लास उचलला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून, मायेनं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. अक्काचा हात वर आला होता, तो तसाच राहिला.

शिरीननं रिकामा ग्लास खाली ठेवला आणि वाकून लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"आता बरं वाटलं ना?"

नाजूनं ग्लासाकडं बघितलं, आईकडं बघितलं आणि शहाण्या मुलीसारखी मान हलवली.